तुमच्याच दुकानातलं

मी मुलाण्याची मुलगी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बकरं कापायचं म्हटलं की माझ्या वडिलांना निरोप यायचा. पाटलांच्या घरचं लग्न असो, देवीची जत्रा असो, नाहीतर कुणाचा मुलगा फौजेतून सुट्टीवर आलेला असो. वडील हातपाय धुऊन, टोपी घालून जायचे, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायचे आणि मग ते मटण ज्याच्या त्याच्या घरी शिजायचं. गावाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. सुताराचं काम सुताराने करावं, मुलाण्याचं मुलाण्याने, इतकी ती साधी गोष्ट होती.

त्यामुळे झालं काय, की गावात कुणाच्याही पंगतीला बसलं तरी ‘हे कापलं कुणी’ असं विचारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. ताटात पडलेलं मटण माझ्या बापाच्या हातचं असणार, हे ठरलेलंच. हलाल हा शब्दसुद्धा मी लहानपणी फारसा ऐकला नाही, कारण दुसरं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. एखाद्याच्या घरी जेवायला बसून असलं काही विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं, हे मात्र डोक्यात पक्कं बसलं. लग्न होऊन बेंगळुरूला आले, इथे वीस वर्षं काढली, तरी ही खोड गेली नाही. पुढे जे झालं त्यात माझी चूक असलीच तर एवढीच आहे.

आमच्या घरात आईला आईच म्हणतात. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, पाच वेळची नमाज आणि बोलणं सगळं सातारी. सत्तरी ओलांडली तरी तिने समुद्र पाहिलेला नव्हता. मागच्या वर्षी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही बेंगळुरूलाच करून घेतलं. महिन्याभराने गॅलरीत बसून ती म्हणाली, “आता एवढं ब्येस दिसाय लागलंय, तर एकदा समिंदर दाखीव की गं.” आयुष्यात तिने माझ्याकडे तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट. तिला समुद्रावर न्यायचं आणि तिथे चार दिवस तिने निर्धास्त राहायचं, निर्धास्त जेवायचं, एवढंच मला करायचं होतं.

निर्धास्त, कारण आई परक्या ठिकाणी अंग चोरून बसते. हॉटेलात नेलं की दहीभात मागवते, तोही अर्धा ठेवते आणि वर “प्वाट भरलं बाय” म्हणते. घराबाहेर ती पोटभर जेवायची असं बेंगळुरूत एकच ठिकाण होतं, ते म्हणजे माझ्या मैत्रिणीचं घर.

ही मैत्रीण आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते, आम्ही तिसऱ्या. तिचे आजोबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. तिचं मराठी कानडीत बुचकळून काढलेलं. “स्वल्प थांब गं,” “सरी, येते मी,” म्हणजे बरं, येते. भाजीवाला अण्णा, भांडीवाली अक्का. आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात जिन्यात माझं फोनवरचं बोलणं ऐकून तिने मला अडवलं होतं. “तुम्ही सातारकडच्या का हो?” मी नाव सांगितलं. माझं नाव ऐकलं की माणसं क्षणभर थबकतात, ते थबकणं मला पाठ आहे. ती थबकली नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली.

पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा वाढता वाढता ती म्हणाली, “निवांत जेव हं, तुमच्याच दुकानातलं आणलंय.” म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला आमच्यातल्याच एका म्हाताऱ्याचं चिकन-मटणाचं दुकान आहे, तिथलं. मी विचारलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्यानंतर दरवेळी वाढताना ती ते वाक्य म्हणायचीच. तिच्या मुलांच्या वाढदिवसाला, दिवाळीनंतरच्या पार्टीला, उगीच एखाद्या रविवारी. पुढे पुढे ते वाक्य माझ्या कानांवर पडायचं, पण मी ते ऐकायचे नाही.

आई पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला आली तेव्हा तिने मला बाजूला ओढून हळूच विचारलं होतं, “इचारलंस का?” मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, असं विचारतात का कुणाला, माझी मैत्रीण आहे ती, डोळे झाकून खा. आईने खाल्लं. ऑपरेशनच्या वेळी तर मैत्रिणीने कमाल केली. मला ऑफिसातून रजा मिळेना, नवऱ्याची पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीन पाळ्यांची नोकरी. दिवसाआड ती डबा घेऊन वर यायची. कोंबडीचा रस्सा, मऊ भात. आईला स्वतः बसून डोळ्यांत थेंब घालायची आणि म्हणायची, “काकू, वर बघा, पंख्याकडे.” आई गावाला परत गेल्यावर महिनाभर सगळ्यांना सांगत होती, की बेंगळुरात माझी दुसरी लेक आहे.

तर समुद्राचं ठरलं. मी इंदिरानगरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका हुडकायचा पगार घेते, म्हणजे शंका काढणं हाच माझा धंदा. सकाळी मेट्रोत जागा मिळाली की फोनवर शोधायला लागायचे. ‘हलाल-फ्रेंडली बीच हॉलिडे’ म्हणून टाकलं की मालदीव येतं, बाली येतं, बायकांसाठी वेगळे पडदेबंद तलाव असलेली कुठली कुठली बेटं येतात. चित्रातल्या बायका पायघोळ झगे घालून पांढऱ्या वाळूवर उभ्या. आमच्या आईकडे पासपोर्ट नाही आणि विमानात बसायचं म्हटलं की ती कानाला हात लावते. मग मी केरळ काढलं. तिकडे जेवणाची चिंताच नाही, कुठेही बसा. आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, “तिथली मान्सं बोलत्यात काय?” म्हटलं, मल्याळम. “मग म्या कुणाशी बोलू? समिंदराशी?”

म्हणून कारवार. तिथे मराठी चालतं. पण कारवार म्हटल्यावर बाकीची यादी आली. जवळ बार नको. खोलीत नमाजेपुरती मोकळी जागा हवी. डुकराचं काही तळलेल्या कढईत आमचं काही तळायला नको. आई लुगडं नेसून पाण्यात शिरली तर मोबाइल काढून बघत उभं राहणारी पोरं नकोत. मटण-कोंबडी असेल तर हलाल, नसेल तर नसू दे. मी माझ्यासाठी अंगभर झाकणारा पोहायचा पोशाखही मागवला. घालून पाहिला तर नवरा म्हणाला, “पाणबुडीवर नोकरी लागली का तुला?” इतक्या हौसेने मी कधी कुठल्या सहलीची तयारी केली नव्हती.

फोन करायला लागले. पहिल्या ठिकाणी सगळं नीट बोलणं झालं, शेवटी नाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडचा माणूस थांबला आणि म्हणाला, मॅडम, बघून सांगतो. मग सांगितलं की त्या तारखांना फुल्ल आहे. दुसऱ्या ठिकाणीही फुल्ल. तिसऱ्या वेळी मैत्रीण समोर बसलेली होती, चहाचा कप हातात. माझं तोंड बघून तिने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. “आण तो नंबर इकडे,” म्हणाली. पाच मिनिटांत तिने त्याच ठिकाणी, त्याच तारखांना, कानडीतून फोन लावला, आपलं नाव सांगितलं आणि खोल्या होत्या. दोन होत्या.

तिचं तोंड लाल झालं. त्या माणसाला तिने असं काही सुनावलं की माझं कानडी कच्चं असूनही मला सगळं समजलं. फोन ठेवला आणि मला म्हणाली, “आता यापुढे सगळे फोन मी करणार. तू फक्त यादी दे. आणि आम्ही पण येतो. बघू कोण फुल्ल म्हणतो ते.” त्या क्षणी मला तिच्याबद्दल जे वाटलं, ते मला सख्ख्या बहिणीबद्दलही कधी वाटलं नाही. मी तिला यादी दिली.

तिचा नवरा पुण्याचा, आयटीतला. मला वहिनी म्हणतो, जिन्यात भेटला की माझ्या हातातली पिशवी घेतो. त्यानेही हो म्हटलं. दोन्ही घरं मिळून जायचं ठरलं. मैत्रिणीने दोन-चार दिवसांत एक घर शोधून काढलं. सुरूच्या बनामागे, दोघी नणंद-भावजया चालवतात, घरचं जेवण देतात, दारूबिरू काही नाही. “आणि जेवणाचं पण सगळं बोललेय,” ती म्हणाली. “कोंबडी, मटण, सगळं तुमच्याच पद्धतीचं आणून करणार आहेत. काकूंना सांग, एकदम निर्धास्त.” मी आईला सांगितलं. आईचं तिकडे बोचकं बांधणं सुरू झालं. रोज एक प्रश्न. पाणी खारट असतं म्हणजे किती? रात्री समिंदर झोपतो का जागाच असतो?

निघायच्या आठ दिवस आधी मला आठवलं की आईचे गुडघे दुखतात, तिला खाली बसायचा संडास जमत नाही. मैत्रीण मुलांच्या शाळेत गेली होती, फोन उचलेना. तेवढ्यासाठी तिची वाट कशाला बघायची, म्हणून त्या घराचा नंबर मी स्वतःच लावला. थोरल्या बाईंनी उचलला. मी सांगितलं, अमुक तारखेला येणार आहोत, दोन कुटुंबं, माझी आई म्हातारी आहे. त्या म्हणाल्या, काळजी नको, उंच संडास आहे, पकडायला दांडी पण बसवलीय. मग जरा घुटमळल्या.

“तुम्ही त्या मुसलमान ताई ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आता हीही फुल्ल म्हणणार.

“मग एक सांगते, राग मानू नका. तुमच्या त्या दुसऱ्या ताई म्हणाल्या की कोंबडी कुठलीही आणा, त्यांनी विचारलं तर हलालची आहे म्हणून सांगा. मी त्यांना तेव्हाच काय बोलले नाही. पण मला ते जमायचं नाही हो. माणसाला जेवायला घालताना खोटं कशाला बोलायचं? आमच्याकडे तसली कोंबडी मिळत नाही. मासे आहेत, ताजे. भाज्या आहेत. तेवढं चालत असेल तर या.”

मासे चालतात. माशाला सुरीचं काही लागत नाही, पाण्यातून निघाला की तो आम्हाला चालतो. मी तेवढंच बोलले, की मासे पुष्कळ झाले, आणि फोन ठेवला. ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मला वाटलं बाईंच्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असणार. खरंच तसं वाटलं. घरी येईपर्यंत मेट्रोत मी हेच घोकत होते की बाईंनी चुकीचं ऐकलं.

मैत्रीण स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी उभ्यानेच विचारलं. तिने आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, तसं नव्हतं गं म्हटलं मी. मग हातातली मेथी खाली ठेवली.

“अगं, यांना आणि मुलांना चिकन लागतं रोज. एकाच स्वयंपाकघरात दोन प्रकारचं कोण करणार? तुम्ही खाल्लं नाहीत तर मग टेबलावर तो विषय निघणार, हे काहीतरी बोलणार, काकूंसमोर उगीच. म्हटलं, राहू दे ना, चार दिवसांचा प्रश्न. नाहीतरी इतकी वर्षं…”

ती तिथेच थांबली. पण मी तपासनीस आहे. अर्धवट राहिलेलं वाक्य मला बरोबर दिसतं.

“इतकी वर्षं काय?” मी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. मध्ये एका वर्षी शहरात हलालच्या पाट्यांवरून वाद झाला होता, ते मलाही आठवत होतं. तेव्हा तिच्या नवऱ्याने सांगितलं की यापुढे त्या दुकानातलं घरात आणायचं नाही. माझ्यावर त्याचा राग नव्हता म्हणे. वहिनींचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे, असं म्हणाला. तिने दुकान बदललं. वाक्य बदललं नाही. चार वर्षं ती दुसऱ्या दुकानातलं शिजवत होती आणि मला वाढताना म्हणत होती, तुमच्याच दुकानातलं आणलंय.

“ऑपरेशनच्या वेळी?” मी विचारलं.

तिने खाली ठेवलेली मेथी पुन्हा हातात घेतली.

आई डोळे मिटून, मान वर करून बसलेली मला दिसली, आणि तिला भरवणारी ही. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय आई पाण्याचा घोटही घेत नाही. जन्मभर मुलाण्याचा संसार केला तिने. आणि माझ्या शब्दावर, मी खेकसले म्हणून, तिने त्या घरात तोंड उघडलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

“तू मला सांगायचंस,” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर तू आमच्याकडे जेवली नसतीस.”

“जेवले असते की. वरणभात जेवले असते. तुझ्या हातचा वरणभात मला आवडतो, तुला ठाऊक आहे.”

“मग तू पाहुणी झाली असतीस गं,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. “तुला वेगळं वाढायचं, काकूंना वेगळं वाढायचं, मला नको होतं ते. आणि यांच्याशी मी रोज कुठे भांडू?”

“नवऱ्याशी भांडता येत नाही. माझ्याशी खोटं बोलता येतं.”

“तू कधी विचारलंच नाहीस,” ती म्हणाली.

हे मात्र मला सहन झालं नाही. मी विचारलं नाही, हाच तर तिचा मान होता. गावात माझ्या बापाचा जो मान होता, की त्याला कुणी विचारत नाही, तो मी हिला देऊन टाकला होता. अख्ख्या शहरात एकटीला. आणि हिने तो गुन्हा म्हणून माझ्याच पदरात टाकला. मी काहीतरी वेडंवाकडं बोलले, ते आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही. वर आले आणि दार लावून घेतलं.

नवरा रात्रपाळीवरून सकाळी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो शांत माणूस आहे, त्याच्या शांतपणाचा मला कधी कधी संताप येतो. म्हणाला, “नकळत खाल्लं, त्याचा गुन्हा लागत नाही. जाऊ दे.” म्हटलं, गुन्ह्याचं कोण बोलतंय? गुन्हा लागला असता तर बरं होतं, तोबा केली असती आणि मोकळी झाले असते. माझा संताप वेगळाच होता. फोनवर ज्या माणसांनी मला फुल्ल म्हणून सांगितलं, त्यांनी निदान तोंडावर नाही म्हटलं होतं. हिने दार उघडून, पाट मांडून, हसून फसवलं.

तिचे निरोप येत होते. मी उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशीचा तेवढा उघडला, त्यात एवढंच होतं, की आम्ही येत नाही, तुम्ही जाऊन या, त्या बाईंशी बोललेय.

राहिली आई. तिचं बोचकं बांधून झालं होतं. तिला खरं सांगितलं असतं तर ती आलीच नसती, आणि वर तिला हेही कळलं असतं की तिने विचारलं तेव्हा तिच्या लेकीने तिला गप्प बसवलं होतं. महिनाभर खाल्लेलं तिने आता कुठे नेऊन टाकायचं होतं? मी फोन केला आणि म्हटलं, तिच्या मुलांच्या परीक्षा आहेत, ती येत नाही. आई हळहळली. म्हणाली, “पोरीला पण बघायचा आसंल की समिंदर.” आईशी मी सहसा खोटं बोलत नाही. बोलले की ती लगेच ओळखते. या वेळी तिने ओळखलं नाही, कारण मैत्रिणीबद्दल मी तिच्याशी खोटं बोलेन हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

कारवारला आई सुखात राहिली, हे सांगायलाच हवं. समुद्र पश्चिमेला, आमचा किब्लाही, म्हणजे नमाजेची दिशाही, तिकडेच. पहाटेची नमाज ती व्हरांड्यात पढायची, समोर सगळं पाणी. दुसऱ्या दिवशी ती लुगड्याचा काष्टा वर खोचून गुडघाभर पाण्यात गेली, लाटेने तिला खाली बसवलं आणि ती वाळूत बसून खो खो हसत राहिली. मी पाणबुडीचा पोशाख घालून तिला धरून बसले होते. त्या दोघी नणंद-भावजयांशी तर तिने असं काही सूत जमवलं की मला कुणी विचारेना. जेवताना तिने दोन-दोन तळलेले बांगडे खाल्ले आणि वर भात मागून घेतला. थोरल्या बाई वाढता वाढता माझ्याकडे एकदा बघायच्या. फोनवरचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मला मात्र प्रत्येक जेवणाच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभं राहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. तेल कुठलं, कढई कुठली, मी बघत उभी राहायचे, आणि त्या बिचाऱ्या मला बघू द्यायच्या.

शेवटच्या दिवशी आई म्हणाली, बाजारात चल. सुके बांगडे घ्यायचेत.

“गावाला न्यायला?” मी विचारलं.

“न्हाई. त्या पोरीला. एवढं माझं केलंय तिनं, मोकळ्या हातानं जाशील व्हय तिच्या दारात?”

मी म्हटलं, आई, वास येईल गाडीत. आई म्हणाली, येऊ दे. मी म्हटलं, तिला आवडत नाहीत सुके मासे. आई म्हणाली, “म्या धाडल्यालं खाईल ती.” त्या बाजारात उभं राहून मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तू तिच्या हातचं काय खाल्लंस ते आधी ऐक. तोंडापर्यंत आलं होतं. आई एकेक बांगडा उचलून, नव्या डोळ्यांनी निरखून, चांगले चांगले बाजूला काढत होती. मी पैसे काढून दिले. तिने स्वतः कागदात गुंडाळले, वर प्लास्टिक बांधलं, दोनदा गाठ मारली.

तिला साताऱ्याच्या गाडीत बसवून आम्ही बेंगळुरूला आलो. पुडकं दोन दिवस गॅलरीत पडून होतं. रविवारी सकाळी ते घेऊन मी खाली उतरले.

मैत्रिणीने दार उघडलं. ती वाळली होती. मी पुडकं पुढे केलं. म्हटलं, आईने पाठवलंय, तुझ्यासाठी. ती पुडक्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

“म्हणजे तू काकूंना सांगितलं नाहीस?”

“नाही.”

तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला बघवली नाही. डोळे भरून आले तिचे. “थँक्स गं,” म्हणाली. जणू मी तिच्या बाजूने उभी राहिले होते. चार वर्षं ती जे करत होती तेच आता मी करत होते, आणि ते माझ्याच आईशी, आणि वर ही मला थँक्स म्हणत होती. मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही लपवलं. तिने मान हलवली. म्हणाली, “माहिती आहे. आत तरी ये. स्वल्प चहा घे, मग जा.”

पायांना सवय होती, मी आत गेले. नेहमीच्या स्टुलावर बसले. तिने पातेलं ठेवलं, पाणी टाकलं, आलं ठेचलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दूध कुठलं आहे?”

दुधात विचारण्यासारखं काही नसतं, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. अकरा वर्षांत त्या घरात काही तोंडात घालण्याआधी मी विचारलेला तो पहिला प्रश्न. ती गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

“नेहमीचंच,” ती म्हणाली. मग वळली आणि हळू आवाजात विचारलं, “पिशवी दाखवू?”

मी नको म्हणेन असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

“दाखव,” मी म्हटलं.

तिने कचऱ्याच्या डब्यात हात घालून दुधाची कापलेली पिशवी बाहेर काढली, नळाखाली धुतली आणि माझ्यासमोर ओट्यावर सरळ करून ठेवली.